वाटणीआधी वाट पाहणारी पेशी

पावसाळ्यात टोपलीत राहून गेलेल्या कांद्याच्या बुडाला पांढरी मुळे फुटतात आणि स्वयंपाकघरात असा कांदा बुडखा जरा जास्त कापून वापरला जातो. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र ही मुळेच हवी असतात. त्यासाठी कांद्याची जुनी वाळलेली मुळे खरवडून तो पाण्याने काठोकाठ भरलेल्या बाटलीच्या तोंडावर, बूड पाण्याला टेकेल असा ठेवतात. तीन-चार दिवसांत बोटाच्या पेराएवढी मुळे उतरतात. त्यांची दोन-तीन मिलिमीटर लांबीची टोके सकाळी कापून ॲसिटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात घातली, की त्यातल्या पेशी ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत थिजून राहतात. दुसऱ्या दिवशी एक टोक काचपट्टीवर घ्यायचे, त्यावर रंगद्रव्य आणि थोडेसे हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळी येऊ न देता गरम करायचे, वर पातळ काच ठेवायची आणि टिपकागदाच्या घडीवरून अंगठ्याने सरळ दाबायचे. अंगठा जरा जरी सरकला तरी पेशींचा चिवडा होतो. मी पहिल्यांदा केलेल्या तीन काचपट्ट्यांपैकी दोन अशाच वाया गेल्या होत्या.

तिसरी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर विटांच्या भिंतीसारख्या रांगांत बसलेल्या पेशी दिसतात. बहुतेक पेशींत मधोमध एक गोल, सारख्या रंगाचे केंद्रक असते. पण मधूनच एखाद्या पेशीत केंद्रकाचा गोळा नाहीसा होऊन त्या जागी जाडसर दोऱ्यांचा गुंता दिसतो. दुसऱ्या एखाद्या पेशीत तेच दोरे मध्यरेषेवर ओळीने लागलेले असतात. तिसरीत त्यांचे दोन गट होऊन ते एकमेकांपासून दूर निघालेले असतात. या सर्व पेशी वेगवेगळ्या असल्या तरी त्यांत दिसणारी घटना एकच आहे. प्रत्येक पेशी त्या घटनेच्या वेगवेगळ्या क्षणी थिजली आहे, आणि आपल्याला हे सुटे क्षण मनात योग्य क्रमाने लावून घ्यायचे आहेत. जो क्षण जास्त वेळ टिकतो त्यातल्या पेशी जास्त सापडतात आणि जो झटकन संपतो त्यातल्या शोधाव्या लागतात, त्यामुळे नुसत्या मोजणीवरूनही कोणत्या टप्प्याला किती वेळ लागतो याचा अंदाज बांधता येतो.

या घटनेला शालेय पुस्तकांत ‘सूत्री विभाजन’ म्हणतात. नाव नेमके आहे, कारण यात सूत्रे म्हणजे दोरे दिसतात. पण नावातल्या ‘विभाजन’ या शब्दामुळे थोडी दिशाभूल होते असे मला वाटते. तो ऐकल्यावर सुरीने लिंबू कापावे तशी पेशी मधोमध चिरली जात असेल असे चित्र मनात उभे राहते. पेशी दुभागणे हा या साऱ्या प्रकारातला त्यामानाने सोपा भाग आहे. अवघड आहे ती त्याआधीची वाटणी. दोन्ही वारसांना सगळ्या कागदपत्रांची एकेक संपूर्ण प्रत मिळाली पाहिजे, कोणाला एक जास्त नाही आणि कोणाला एक कमी नाही, अशी ही वाटणी आहे. आणि ती करणारा कोणी कारकून किंवा पंच पेशीत बसलेला नाही.

वाटणी कशी होते हे पाहण्याआधी पेशीला दोन होण्याची गरजच का पडते ते पाहू. एक साधा हिशेब करून पाहता येतो. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचे घनफळ एक घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. बाजू दुप्पट केली तर घनफळ आठ होते, पण पृष्ठफळ चोवीसच होते. म्हणजे आतला पसारा आठपट वाढला आणि बाहेरची भिंत मात्र चौपटच वाढली. पेशीला लागणारा ऑक्सिजन आणि अन्न या भिंतीतूनच आत येते आणि टाकाऊ पदार्थ तिच्यातूनच बाहेर जातात, त्यामुळे पेशी फुगत गेली तर आतल्या खाणाऱ्या तोंडांच्या मानाने दारे कमी पडू लागतात. शिवाय सूचनांचा एकच संच एवढ्या मोठ्या पसाऱ्याला पुरा पडत नाही. म्हणूनच हत्तीच्या यकृतातल्या पेशी उंदराच्या यकृतातल्या पेशींहून फारशा मोठ्या नसतात. हत्तीकडे त्या फक्त कितीतरी अधिक असतात. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक ही एकच प्रचंड पेशी असते हे खरे, पण तिचा बहुतेक भाग म्हणजे साठवून ठेवलेले अन्न असते आणि जिवंत व्यवहार पृष्ठभागावरच्या एका छोट्याशा पांढुरक्या ठिपक्यात चालतो.

वाढीसाठी किती वेळा दोन व्हावे लागते याचा आकडा मात्र आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. माणसाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी असतात असा अंदाज आहे, आणि एका पेशीपासून दर वेळी दुप्पट होत गेले तर ४५व्या दुपटीला संख्या ३५ लाख कोटींवर पोहोचते. प्रत्यक्षात सगळ्या पेशी एका ठेक्यात दुप्पट होत नाहीत. काही लवकर थांबतात, काही मरतात, काही जन्मभर विभागत राहतात. विभागत राहण्याचे कारण म्हणजे झीज. आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या बहुतेक पेशी काही दिवसांतच गळून पडतात. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस टिकतात आणि त्यांना केंद्रकच नसल्यामुळे स्वतः दोन होऊ शकत नाहीत, म्हणून अस्थिमज्जेतल्या त्यांच्या पूर्वज पेशींना दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या तांबड्या पेशी पुरवाव्या लागतात. याउलट मेंदूतल्या जवळजवळ सर्व चेतापेशी एकदा तयार झाल्या की पुन्हा विभागत नाहीत. यकृताच्या पेशी या दोन टोकांच्या मधल्या. एरवी त्या शांत असतात, पण यकृताचा मोठा भाग कापून काढला तर उरलेल्या पेशी पुन्हा विभागू लागतात.

काही सजीवांमध्ये तर संततीही याच मार्गाने होते. पानफुटीचे पान मातीवर पडले की त्याच्या कडेच्या खाचांतून चिमुकली रोपे उभी राहतात. जळगाव भागातली केळी बियांपासून येत नाही. पूर्वी ती मुनव्यांपासून, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटणाऱ्या कोंबांपासून, लावत आणि आता मोठ्या प्रमाणावर ऊतिसंवर्धनाच्या रोपांपासून लावतात. दोन्ही पद्धतींत नवे झाड हे जुन्या झाडाच्या पेशी सूत्री विभाजनाने वाढून झालेले असते. त्यामुळे एका जातीच्या सगळ्या बागा आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकच झाड असतात. घड सारखे येतात हा त्याचा फायदा, आणि एका झाडाला मारणारा रोग सगळ्यांना सारखाच मारतो हा तोटा.

आता वाटणीकडे येऊ. वाटायचे आहे ते काय, हे आधी नीट डोळ्यांसमोर आणले पाहिजे. माणसाच्या एका पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे डीएनएचे ४६ सुटे धागे, आणि ते एकापुढे एक मांडले तर सुमारे दोन मीटर लांबी भरते. ज्या केंद्रकात ते बसलेले असतात त्याचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाच-सहापटच असतो. हे माप वीस हजारपट मोठे करून पाहिले तर केंद्रक एका सोललेल्या नारळाएवढे होईल आणि त्यातला धागा ४० किलोमीटर लांब होईल; मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रुळांच्या कडेने सोडला तर ठाणे ओलांडून पुढे जाईल इतका. त्याची जाडी मात्र डोक्यावरच्या केसाहूनही कमी असेल. असा धागा, ४६ तुकड्यांत, नारळात कोंबलेला आहे, आणि त्याच्या दोन तंतोतंत प्रती करून त्या दोन नारळांत गुंता न होता पोहोचवायच्या आहेत.

पेशी हे काम दोन वेगळ्या वेळी करते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंत साधारण एक दिवस लागतो. त्यातला प्रत्यक्ष सूत्री विभाजनाचा वेळ जेमतेम तासाभराचा असतो. त्याच्या कितीतरी आधी, केंद्रक गोल आणि शांत दिसत असतानाच, सात-आठ तास खपून पेशी डीएनएची प्रत काढते. जुन्या पुस्तकांत या काळाला ‘विश्रांतीची अवस्था’ म्हणत असत; सूक्ष्मदर्शकाखाली काही हालचाल दिसत नाही म्हणून दिलेले ते नाव किती चुकीचे होते हे पुढे कळले.

या नकलेच्या वेळीच एक व्यवस्था होते, आणि माझ्या मते पुढच्या साऱ्या बिनचूकपणाचे मूळ तिच्यात आहे. धाग्याची नवी प्रत जशी तयार होत जाते तशा मूळ आणि नक्कल अशा दोन्ही प्रती कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी एकमेकींना बांधल्या जातात. लग्नातल्या गर्दीत बहिणी हरवू नयेत म्हणून आईने त्यांचे हात एकमेकींच्या हातात द्यावेत, तसेच हे. त्यामुळे वाटणीच्या वेळी ९२ धाग्यांतून कोणाची जोडी कोण हे शोधण्याचा प्रश्नच पेशीपुढे येत नाही. तिला ४६ जोड्या मिळालेल्या असतात आणि प्रत्येक जोडीतली एकेक बहीण एकेका बाजूला जाईल एवढेच तिला पाहायचे असते.

विभाजनाला सुरुवात झाली की प्रत्येक जोडी स्वतःभोवती वेटोळी घेत आखूड आणि जाड होऊ लागते. पसरलेली लोकर हलवायची तर आधी तिच्या लडी कराव्या लागतात, त्याशिवाय गाठी पडतात. पेशीचाही तोच हेतू असतो. कांद्याच्या काचपट्टीवर जो दोऱ्यांचा गुंता दिसतो तो हाच, आणि या टप्प्याला पूर्वावस्था म्हणतात. जर्मनीतील कील येथे वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलमँडर या उभयचर प्राण्याच्या पिलांच्या पेशींत हे दोरे रंगवून पाहिले, त्यांचा क्रम लावला आणि १८८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या क्रियेला दोरा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. प्रत्येक दोरा लांबीच्या दिशेने दुहेरी असतो आणि त्याचे ते दोन भाग वेगळे होतात, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. मेंडेल यांचा मटारांवरचा निबंध त्याआधी सोळा वर्षे, १८६६ साली छापून झाला होता. पण या दोऱ्यांचा आणि आनुवंशिकतेचा संबंध जोडला गेला तो विसावे शतक उजाडल्यावर.

दोरे आखडत असताना पेशीत दुसरीही तयारी चाललेली असते. केंद्रकाचे आवरण विरघळून जाते आणि पेशीच्या दोन ध्रुवांकडून सूक्ष्मनलिका वाढू लागतात. या नलिकांचा एकूण आकार सूतकताईच्या चातीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर दिसतो; पाठ्यपुस्तकात त्यांना तुर्कतंतू म्हणतात. आकृतीत त्या ताठ दोरीसारख्या काढलेल्या असतात आणि त्यामुळे गैरसमज होतो. प्रत्यक्षात प्रत्येक नलिका ट्युब्युलिन या प्रथिनाचे मणी टोकाला जोडत वाढत जाते आणि मग एकाएकी मणी गळून आखडते, पुन्हा वाढते, पुन्हा आखडते. पाण्यात मासा कुठे आहे हे न दिसता गळ टाकत राहावे, ओढून घ्यावा, पुन्हा दुसरीकडे टाकावा, असा हा प्रकार आहे. गुणसूत्राच्या जोडीवर, प्रत्येक बहिणीच्या बाजूला एक, अशा प्रथिनांच्या दोन मुठी असतात. नलिकेचे टोक योगायोगाने एखाद्या मुठीला लागले की पकडले जाते.

योगायोग म्हटला की चूक आलीच. दोन्ही मुठी एकाच ध्रुवाकडच्या नलिकांना पकडून बसल्या तर दोघी बहिणी एकाच घरी जातील. पेशी ही चूक ओळखते ती ताणावरून. जोडी बरोबर लागली असेल तर एक बहीण डावीकडे आणि दुसरी उजवीकडे ओढली जाते, आणि मध्ये कोहेसिनच्या कड्या असल्यामुळे दोघी सुटत नाहीत. रस्सीखेचीतल्या दोरासारखा ताण बसतो. चुकीच्या पकडीत हा ताण नसतो, आणि ज्या पकडीला ताण नाही ती सोडवून टाकणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, तिथेच तैनात असते. पकड सुटली की पुन्हा गळ. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस निक्लस यांनी कीटकांच्या पेशींत काचेची अतिसूक्ष्म सुई घालून चुकीचे लागलेले गुणसूत्र स्वतः ओढून धरले, तेव्हा ती चुकीची पकडही टिकून राहिली. ताण कोणी दिला हे पेशीला कळत नाही. ताण आहे एवढेच तिला कळते. निक्लस यांचे हे प्रयोग शुक्रपेशी तयार करणाऱ्या, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे अर्धगुणसूत्री विभाजन होणाऱ्या पेशींवरचे होते, पण ताणाचे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते.

हळूहळू सगळ्या जोड्या दोन्हीकडच्या ओढीने पेशीच्या मध्यरेषेवर येऊन उभ्या राहतात. ही मध्यावस्था. कवायतीला मुले ओळीत उभी राहावीत तशी ती दिसते आणि आकृतीतही सर्वांत सोपी, म्हणून विद्यार्थी ती पटकन काढून पुढे जातात. खरे नाट्य मात्र इथेच आहे, कारण या क्षणी पेशी वाट पाहत असते. ४६पैकी ४५ जोड्या लागल्या आणि एक जोडी अजून कोपऱ्यात भटकत असली, तरी पंचेचाळिसांची वाटणी सुरू होत नाही.

हे थांबणे कसे घडते याचा एक सुंदर प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे कॉनली रीडर आणि त्यांचे सहकारी ऑस्ट्रेलियातल्या पोटोरू या छोट्या कांगारूसारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या पेशी पाहत होते. या पेशींत गुणसूत्रे थोडी आणि मोठी असतात आणि विभाजन चालू असतानाही पेशी चपटी राहते, त्यामुळे एकेक गुणसूत्र वेगळे दिसते. शेवटची मूठ पकडली गेल्यानंतर साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी बहिणी सुटतात, हे त्यांनी आधीच मोजले होते. आणि एकच मूठ रिकामी राहिली तर पेशी तासन्‌तास थांबते हेही त्यांना ठाऊक होते. मग त्यांनी ती एकमेव रिकामी मूठ लेसरच्या किरणाने जाळून टाकली. ते गुणसूत्र नीट लागलेले नव्हते, त्याची चूक दुरुस्त झालेली नव्हती, तरीही थोड्याच वेळात पेशीने वाटणी सुरू केली. याचा अर्थ असा, की ‘सगळे तयार आहेत, निघा’ असा निरोप कोणी देत नसते. प्रत्येक रिकामी मूठच ‘थांबा, मी राहिले’ असे ओरडत असते, आणि तो शेवटचा आवाज बंद झाला की पेशी निघते. एसटीच्या वाहकाने प्रवासी मोजून घंटी द्यावी अशी ही पद्धत नाही. मागून कोणी ‘थांबा’ म्हणेनासे झाले की गाडी सुटते.

आवाज बंद झाला की घटना भराभर घडतात. इतका वेळ बांधून ठेवलेले सेपरेज नावाचे विकर मोकळे होते आणि ते कोहेसिनच्या उरलेल्या कड्या कापते. सगळ्या जोड्यांतल्या बहिणी जवळजवळ एकाच वेळी सुटतात आणि आपापल्या ध्रुवाकडे सरकू लागतात; ही पश्चावस्था. मूठ पुढे आणि दोन्ही बाजूंचे धागे मागे लोंबत असल्यामुळे गुणसूत्रे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी दिसतात. वेग मिनिटाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, म्हणजे काहीच नाही. पण पेशीच्या जगात दहाएक मिनिटांत घर गाठायला तो पुरतो. इथेही ओढणारा दोर हे चित्र थोडे बदलून घ्यावे लागते. नलिका मुठीत असतानाच मुठीच्या बाजूने मणी गळून आखूड होत जाते आणि मूठ त्या विरघळणाऱ्या टोकाला धरून राहते. आपण चढत असलेला दोर मागून जळत यावा आणि आपण जळत्या टोकाच्या किंचित पुढे राहावे, असा काहीसा हा प्रवास आहे.

अंत्यावस्थेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. दोन्ही ध्रुवांपाशी गुणसूत्रे पुन्हा सैल होतात आणि त्यांच्याभोवती नवे आवरण तयार होते. त्यानंतर पेशीचे शरीर दुभागते, आणि इथे प्राणी आणि वनस्पती यांचे मार्ग वेगळे होतात. प्राण्यांच्या पेशीत मध्यावर, पटलाच्या आतून, प्रथिनांचे एक कडे तयार होते आणि बटव्याची नाडी ओढावी तसे ते आवळत जाते. वनस्पतींच्या पेशीभोवती ताठ भित्तिका असल्यामुळे तिथे नाडी ओढून काही होत नाही, म्हणून भिंतीचे सामान भरलेल्या बारीक पिशव्या पेशीच्या मध्यावर जमतात, एकमेकींत मिसळतात आणि मधून सुरू झालेली भिंत कडांकडे वाढत जाते. कांद्याच्या काचपट्टीवर दोन तरुण केंद्रकांमध्ये जी फिकट रेघ दिसते ती हीच अर्धवट भिंत. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांसारख्या इतर सामानाची वाटणी मात्र पेशी बरीचशी अंदाजपंचे करते. ज्याच्या शेकडो प्रती आहेत ते दोन्हीकडे थोडेफार जाणारच. ज्याची एकेकच जोडी आहे त्याचाच इतका हिशेब.

हिशेब चुकला तर काय होते, हे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९०२ साली दाखवले. सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यात एकाऐवजी दोन शुक्रपेशी शिरल्या तर दोनाऐवजी चार ध्रुव तयार होतात आणि गुणसूत्रे चौघांत कशीही विखुरतात. अशा अंड्यांतून जवळजवळ कधीच धड पिलू निपजत नाही. गुणसूत्रांची नुसती संख्या भरून भागत नाही, प्रत्येक प्रकारचे गुणसूत्र हजर असावे लागते, हे त्यावरून त्यांनी ओळखले. आणि गुणसूत्रांच्या अशाच चुकीच्या वाटणीतून कर्करोग सुरू होत असावा असा तर्क त्यांनी १९१४ साली मांडला. कर्करोगाच्या अनेक गाठींतल्या पेशींत गुणसूत्रे कमीजास्त असतात, हे आज निश्चित माहीत आहे.

कधी विभागायचे आणि कधी नाही, हा निर्णय ज्या यंत्रणेकडे असतो तिचा शोध तीन वेगळ्या ठिकाणांहून लागला. लेलंड हार्टवेल पावाच्या यीस्टवर, पॉल नर्स दुसऱ्या एका यीस्टवर आणि टिम हंट सी अर्चिनच्या अंड्यांवर काम करत होते. हंट यांना १९८२ साली असे एक प्रथिन दिसले, जे पेशीत हळूहळू साठत जाई आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसे होई. म्हणून त्याचे नाव सायक्लिन पडले. विभाजनाची किल्ली असलेले विकर या सायक्लिनची साथ मिळाल्याशिवाय चालत नाही. हे विकर तयार करणारे जनुक ज्या यीस्टमध्ये निकामी आहे, त्यात माणसाचे तेच जनुक घातले तर ते यीस्ट पुन्हा विभागू लागते, हे १९८७ साली नर्स यांच्या प्रयोगशाळेत दिसले. माणूस आणि यीस्ट यांचे पूर्वज वेगळे होऊन शंभर कोटी वर्षांच्या आसपास झाली असतील. तरीही किल्ली एकमेकांच्या कुलपाला लागते. २००१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

ही यंत्रणा बिघडून अनावर विभागत सुटलेल्या पेशींना थांबवायचे, तर वाटणीच्या वेळचा तो थांबा उपयोगी पडतो, आणि इथे आपल्या अंगणातली सदाफुली पुढे येते. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देतात हे जमैकात आणि आपल्याकडेही लोक सांगत आले आहेत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५०च्या दशकात तो गुण तपासायला घेतला. रक्तातली साखर काही कमी झाली नाही, पण पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन मिळाले आणि पुढे तिच्याच पानांतून, दुसऱ्या एका प्रयोगशाळेत, व्हिनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिनक्रिस्टिन आजही वापरतात. ही द्रव्ये ट्युब्युलिनच्या मण्यांना चिकटतात, नलिका नीट वाढू शकत नाहीत, मुठी रिकाम्या राहतात आणि पेशी ‘थांबा’च्या आवाजात अडकून पडते, बराच वेळ अडकलेली पेशी बहुधा मरते. केसांच्या मुळातल्या पेशी वेगाने विभागत असल्यामुळे त्याही सापडतात आणि केस गळतात. पण या औषधाने हातापायांना मुंग्या का येतात हा प्रश्न अधिक मजेदार आहे, कारण चेतापेशी तर विभागतच नाहीत. उत्तर असे, की त्याच नलिका चेतापेशींच्या लांबलचक तंतूंमध्ये मालवाहतुकीचे रूळ म्हणून काम करतात, आणि औषधाला रूळ आणि गळ यांतला फरक कळत नाही. सदाफुलीची पाने रोज सकाळी चावून खाणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे, की औषध होते ते मोजून शुद्ध केलेल्या द्रव्याचे, आणि तेही रुग्णालयात देखरेखीखाली देतात.

ट्युब्युलिनला असेच चिकटणारे दुसरे द्रव्य म्हणजे कोल्चिसिन. पावसाळ्यात सह्याद्रीच्या जंगलांच्या कडेला लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांनी फुलणाऱ्या कळलावीत ते असते. तिचा कंद जिवावर बेतण्याइतका विषारी असतो. स्वीडनच्या आल्बर्ट लेव्हान यांनी कांद्याची मुळे कोल्चिसिनच्या पाण्यात ठेवली आणि काय दिसले ते १९३८ साली नोंदवले. मुळांची टोके फुगली. पेशींत दोरे जाड झाले, पण चाती नसल्यामुळे ते मध्यरेषेवर न येता जागच्या जागी विखुरलेले राहिले. बराच वेळ थांबून पेशीने शेवटी हार मानली, बहिणी जागच्या जागी सुटल्या आणि सगळ्यांभोवती एकच आवरण झाले. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात; या पेशींत ती ३२ झाली.

माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे तेव्हाची पुस्तके सांगत होती, आणि १९२०च्या दशकापासून सगळे तेच मोजत आले होते. गुंत्यात धागे एकमेकांवर पडतात आणि मोजणारा ४८ ही संख्या मनात धरूनच बसतो, तेव्हा असे होते. लेव्हान यांच्याच लुंड येथील प्रयोगशाळेत जो हिन त्जिओ यांनी मानवी भ्रूणाच्या फुप्फुसातल्या वाढवलेल्या पेशींवर तेच कोल्चिसिन टाकले, म्हणजे पेशी नेमक्या वाट पाहण्याच्या क्षणी अडकल्या, गुणसूत्रे सर्वांत आखूड आणि जाड असताना. मग सौम्य क्षारद्रावणाने पेशी फुगवून धागे एकमेकांपासून सुटे केले आणि अंगठ्याने काचपट्टी दाबली. १९५५च्या डिसेंबरमध्ये त्यांनी मोजायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी दोघांनी मिळून निबंध प्रसिद्ध केला तेव्हा त्यात आकडा होता ४६.